गरोदरपणात दाढ दुखत असेल तर बाळंतपणापर्यंत थांबावे का? आणि मोठ्या मुलाच्या किडलेल्या दूधदातांचे काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला पाचवा महिना चालू आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, उजवीकडची खालची दाढ रात्री ठणकते आणि सासूबाईंचे म्हणणे असे आहे की एका लेकरामागे एक दात जायचाच, तेव्हा बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावू नये. शिवाय अडीच वर्षांच्या मोठ्या मुलाचे वरचे पुढचे दात तपकिरी पडले आहेत. पण ते दुधाचेच आहेत, पडून जातील, असे घरात सर्वांना वाटते. मी नागपुरात 22 वर्षांपासून लहान मुलांच्या दातांवर उपचार करते आणि ही दोन वाक्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकते. माझे उत्तर असे की दाढेवर याच महिन्यात उपचार करून घ्या आणि त्याच फेरीत मुलालाही सोबत न्या.

चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारासाठी सर्वांत सोयीचा काळ असतो, कारण सुरुवातीच्या मळमळ-उलट्या ओसरलेल्या असतात आणि पोट अजून इतके वाढलेले नसते की खुर्चीवर उताणे पडून राहणे जड जावे. दुखणे तीव्र असेल तर मात्र कोणत्याही महिन्यात उपचार करावेच लागतात. हिरडीत सुई टोचून तेवढ्याच जागेपुरती दिली जाणारी लिग्नोकेनची भूल गरोदरपणात सुरक्षित मानली जाते. एक्स-रे गरजेचाच असेल तर शिशाचा अॅप्रन घालून दाढेपुरता काढता येतो. कीड साफ करून सिमेंट भरणे, रूट कॅनॉल, अगदी दाढ काढणेसुद्धा या काळात करता येते. धोका उपचाराचा नसून लांबणीवर टाकलेल्या संसर्गाचा असतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आठव्या महिन्यात गाल सुजलेली एक मुलगी आली होती. तिला चौथ्या महिन्यातच दाढ ठणकू लागल्यावर एका दवाखान्याने ‘डिलिव्हरी झाल्यावर या’ म्हणून परत पाठवले होते. तिला ताप होता, तोंड बोटभरही उघडत नव्हते आणि चार दिवसांपासून ती केवळ पेजेवर होती. साध्या सिमेंटने निभावले असते ते प्रतिजैविके आणि दाढ काढण्यापर्यंत गेले.

औषधांच्या बाबतीत मात्र सासूबाईंची सावधगिरी योग्यच आहे. दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणू नका. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून चालते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः 20 आठवड्यांनंतर, टाळायच्या असतात. आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके घेतल्यास पोटातल्या बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणून दंतवैद्याकडे गेल्यावर पहिल्या वाक्यातच कितवा महिना आहे ते सांगावे आणि तपासणीची फाइल सोबत ठेवावी. शेवटच्या महिन्यांत जावे लागलेच तर उजव्या कुशीखाली लहान उशी ठेवून किंचित डावीकडे कलून बसावे, कारण उताणे पडल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन भोवळ येते. दाढेत लवंग धरल्याने ठणका घटकाभर कमी होतो, पण त्याने कीड थांबत नाही.

आता ‘एका लेकरामागे एक दात’ याविषयी. सासूबाईंनी पाहिलेले खरे आहे, त्याचे कारण तेवढे चुकले आहे. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, असा समज सर्वत्र आहे; पण एकदा तयार झालेल्या दातातून कॅल्शियम रक्तात परत जात नाही. बाळाला ते आईच्या आहारातून मिळते आणि कमी पडले तर हाडांतून जाते, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्याच असतात, पण त्या दात वाचवण्यासाठी नव्हेत. दात जातात ते वेगळ्याच मार्गाने. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि हिरड्यांना रक्तपुरवठा वाढून त्या इतक्या हळव्या होतात की एरवी सहज सोसला असता तेवढ्याशा किटणानेही त्या सुजतात. रक्त दिसले की बाई घाबरून त्या बाजूला ब्रश लावणेच सोडते, तिथे आणखी थर साचतो आणि रक्त आणखी येते. पेस्टच्या वासाने मळमळते म्हणून सकाळचा ब्रश उरकला जातो. उलटीबरोबर पोटातले आम्ल दातांवर येते. डोहाळे आंबट-गोडाचे लागतात, दर तासाला काहीतरी तोंडात टाकले जाते. मग बाळंतपण होते, सव्वा महिना डिंकाचे आणि मेथीचे लाडू चालू असतात, रात्रीची झोप मोडलेली असते आणि रात्रीचा ब्रश कोणाला आठवतो? आपल्या आज्यांची अशी पाच-सहा बाळंतपणे झाली असतील तर तितके दात जाणे नवलाचे नव्हते.

तेव्हा रक्त येते म्हणून थांबू नका. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेवर तिरका धरून, दिवसातून दोनदा घासा आणि एकदा स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून दातांवरचे किटण काढून घेणे, करून घ्या. स्केलिंगने दात हलू लागतात ही भीती निराधार आहे. किटणाच्या आधाराने उभे असलेले दात ते निघाल्यावर हलताना जाणवतात, एवढेच. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ पडलेले दाताचे आवरण घासून निघते. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून खळखळून चूळ भरावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश करावा. कोणाकोणाला दोन दातांमध्ये हिरडीचा लालसर गोळा येतो, तो कर्करोग नसतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप विरतो, मात्र दाखवून घ्यावा. हिरड्यांचा जुना, खोलवर गेलेला आजार आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण गरोदरपणात हिरड्यांचे उपचार केल्याने अशी बाळंतपणे कमी होतात, हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे त्या भीतीपोटी नको, स्वतःच्या तोंडाच्या आरोग्यासाठी जा.

एक गोष्ट विचारलेली नसताना लिहिते. आपल्याकडे पुरुष चौकात पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा उघड खातात, आणि घरातल्या बाया मशेरी किंवा गुडाखू ‘दात घासायला’ म्हणून लावतात, त्यामुळे ते व्यसन आहे असे कोणाला वाटतच नाही. दोन्हींत तंबाखू असते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते आणि हिरडी हळूहळू दातापासून सुटत जाते. तुम्ही लावत नसाल, पण बाळंतपणाला येणारी एखादी मावशी किंवा काकू ‘दाढदुखीला बरे’ म्हणून सुचवण्याची शक्यता असते, म्हणून सांगितले.

आता मुलाकडे येऊ. तुमच्या दाढेचा आणि त्याच्या दातांचा संबंध आहे, कारण दात किडवणारे जंतू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. ते बहुतेक वेळा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या माणसाच्या लाळेतून त्याच्या तोंडात जातात, म्हणजे एकाच चमच्याने भरवणे, घास चावून देणे, खाली पडलेली चुसणी स्वतःच्या तोंडात घालून पुसणे. आईच्या तोंडात उघड्या किडी जितक्या जास्त, तितके हे जंतू जास्त. लेकराचा पापा घेऊ नका असे मी कोणाला सांगत नाही. पण दुसरे बाळ येण्याआधी तुमची दाढ भरून घेतलीत तर ते त्याच्याही उपयोगाचे आहे.

दूधदात एकूण 20 असतात, साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर पडतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात आणि पक्क्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. शिवाय मुलाचे पक्के पुढचे दात या क्षणी त्याच्या हिरडीखाली घडत आहेत. दूधदाताच्या मुळाशी पू झाला तर त्याच जागी आत घडणारा पक्का दात डागाळलेला किंवा खडबडीत निघू शकतो. दूधदाताचे आवरण पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचे असते, त्यामुळे कीड आत पोहोचायला वेळ लागत नाही.

वरचे चार पुढचे दात किडलेले आणि खालचे शाबूत, असे असेल तर बहुधा रात्रीची बाटली हे कारण असते. दूध ओढताना खालचे दात जिभेखाली झाकले जातात आणि वरच्या दातांवर ते रात्रभर साचून राहते, त्यात झोपेत लाळही कमी सुटते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा मुलगा वीस महिन्यांचा असताना मी संध्याकाळी दवाखान्यात असे आणि त्याला झोपवणे माझ्या आईकडे होते. ती बाटलीत चमचाभर साखर घालत होती हे मला तेव्हा कळले, जेव्हा त्याच्या वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली. दुसऱ्यांच्या मुलांच्या ओठांखाली दिवसभर डोकावणाऱ्या बाईने स्वतःच्या मुलाचा ओठ उचलून पाहिला नव्हता. ती पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण असते आणि त्या टप्प्यावर फ्लोराइडने ती थांबवता येते. तुमच्या मुलाची ती पायरी मागे पडली आहे, पण वेळ गेलेली नाही. डॉक्टर कदाचित सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावतील, त्याने कीड थांबते पण तो भाग काळा पडतो. दिसायला वाईट, तरी रडणाऱ्या लेकराला ड्रिल लावण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे. इतर दातांना फ्लोराइडचा वार्निश, म्हणजे पातळ लेप, लावता येतो.

घरी रात्रीची बाटली बंद करावी; एकदम जमत नसेल तर आठवडाभर दुधात दररोज थोडे पाणी वाढवत शेवटी नुसते पाणी द्यावे. साखर किती यापेक्षा किती वेळा, हे अधिक महत्त्वाचे. नागपूरच्या उन्हाळ्यात मुलाच्या हातात दिवसभर रसना किंवा सरबताची बाटली असते आणि प्रत्येक घोटानंतर दातांवर सुमारे अर्धा तास आम्ल तयार होत राहते. संत्रा बर्फीचा तुकडा जेवणानंतर लगेच खाऊन चूळ भरली तर दिवसभर चघळलेल्या चॉकलेटपेक्षा ती परवडली. तहानेला पाणी द्या.

पेस्ट फ्लोराइडचीच हवी. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 1000 भाग) अधिक नसावे असा नियम आहे. लहान मुलांच्या रंगीत पेस्टमध्ये ते बरेचदा फारच कमी असते, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे आणि 1000 पीपीएमच्या जवळची निवडावी. मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच लावावी, आणि ब्रश त्याच्या हाती न देता तुम्हीच करावा. माहेर यवतमाळ किंवा चंद्रपूरकडचे असेल आणि तिथे बोअरवेलचे पाणी प्यायले जात असेल तर पाणी तपासून घ्या, कारण त्या भागातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे.

येणाऱ्या बाळासाठी पहिला दात दिसल्यापासून ब्रश, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याची भेट, एवढे पुरे. बाळगुटीत किंवा चुसणीला मध लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. दात येताना लाळ गळते, बाळ किरकिर करते, पण जास्त ताप आणि जुलाब दातांमुळे होत नाहीत. ‘दात येताहेत’ म्हणून ते अंगावर काढू नयेत. वरचे दात आधी आले तर मामावर येतात म्हणून आमच्या ओळखीच्या एका घरात महिनाभर चिंता होती. मामा धडधाकट आहे.

खर्चाची अडचण असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते, तिथे दाढेची तक्रार सांगून चिठ्ठी मागता येते; आणि मुलगा अंगणवाडीत जात असेल तर वर्षातून दोनदा येणारे आरोग्य पथक त्याचे दातही पाहते. जाताना सासूबाईंना अवश्य सोबत घ्या. मुलाला रात्री झोपवणे त्यांच्याकडे असेल तर बाटलीचे जे काही सांगायचे ते डॉक्टरांनी त्यांनाच सांगितलेले बरे. सुनेने सांगितले की त्यात दुसराच अर्थ निघतो.