'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' : अर्पण कोणाला?

कोरेगाव तालुक्यातील (जि. सातारा) एका शिक्षिकेचा प्रश्न असा : "परिपाठात मुले संविधानाची उद्देशिका म्हणतात. तिच्या शेवटी 'हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' असे शब्द आहेत. फूल देवाला अर्पण करतात, ग्रंथ गुरूंना अर्पण करतात. आपलीच वस्तू आपल्यालाच कशी अर्पण करणार? एक मुलगा 'प्रत' म्हणजे संविधानाची प्रत असे समजतो, ते बरोबर आहे का?"

येथील 'प्रत' म्हणजे पुस्तकाची प्रत नव्हे. 'निष्कर्षाप्रत आलो', 'निर्णयाप्रत पोहोचलो' यांतील 'प्रत' हे शब्दयोगी अव्यय येथे आहे आणि त्याचा अर्थ 'कडे', 'पर्यंत' असा होतो. सरळ 'स्वतःला' म्हटले असते तर घोटाळा झाला असता, कारण मराठीत 'ला' हा प्रत्यय कर्मालाही लागतो आणि ज्याला द्यायचे त्यालाही. 'त्याने स्वतःला देशकार्यासाठी अर्पण केले' या वाक्यात अर्पण होणारा माणूसच आहे. उद्देशिकेत मात्र अर्पण होते ते संविधान, आणि ते ज्यांच्याकडे पोहोचते ते आपण. हिंदी पाठातील 'आत्मार्पित' या शब्दापेक्षा मला मराठी रचना अधिक निःसंदिग्ध वाटते.

'अर्पण' या शब्दाला आज भक्तीचा वास असला, तरी त्याचा मूळ अर्थ 'पोहोचवणे, हवाली करणे' एवढाच आहे. १९३७ च्या आयरिश संविधानाच्या उद्देशिकेचा शेवटही असाच आहे : तेथील लोक ते संविधान स्वीकारतात, अधिनियमित करतात आणि स्वतःला देतात. देणारा आणि घेणारा एकच असण्यात या वाक्याचे सारे बळ आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावरून चांगले उमगते. १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचे राज्य दिले; पुढे १८३९ मध्ये त्याच कंपनीने त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४८ मध्ये, त्यांच्या जागी गादीवर बसवलेल्या भावाला औरस वारस नाही या सबबीवर, राज्यही खालसा करण्याचा निर्णय घेतला. १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानाला स्वराज्याचे संविधान दिले. स्वतःचे अधिकार आपखुशीने सोडणारा असा राजा विरळाच. परंतु तेथेही देणारा राजा होता आणि घेणारी प्रजा.

संविधानसभेला हे अंतरच मिटवायचे होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा झाली, तेव्हा आरंभी ईश्वराचे नाव घालावे अशी ह. वि. कामत यांची दुरुस्ती मतदानाने फेटाळली गेली. सार्वभौमत्व लोकांचे आहे हे स्पष्ट शब्दांत लिहावे असा पूर्णिमा बॅनर्जी यांचा आग्रह होता, त्यावर डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचे काही शालेय शिक्षण याच साताऱ्यात झाले, ते तत्त्व मसुद्यातील शब्दांत आलेलेच आहे असे उत्तर दिले. २६ नोव्हेंबरला सभेने संविधान स्वीकारले ते ब्रिटिश राजाच्या संमतीसाठी न पाठवता, आणि ज्या ब्रिटिश कायद्याने भारत स्वतंत्र झाला तो १९४७ चा कायदाही अनुच्छेद ३९५ ने रद्द केला.

म्हणूनच 'संविधानाने आपल्याला हक्क बहाल केले' हा भाषणांतला वाक्प्रयोग मला खटकतो. 'बहाल' हा सनदांचा आणि इनामांचा शब्द. त्यात वरून खाली देणारा हात गृहीत असतो. 'संविधानाने हक्कांची हमी दिली' असे म्हणावे.

'स्वतःप्रत' हा एकच शब्द आहे, तो जोडूनच लिहावा आणि एका दमात म्हणावा. मुले 'स्वतः' म्हणून थांबतात आणि 'प्रत अर्पण' असे पुढे म्हणतात, त्यामुळेच त्या मुलाचा तसा समज झाला असावा.