कीटकांचे फोटो काढून पोट भरेल का?

प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे, विज्ञान शाखेत, जीवशास्त्र घेऊन. फुलपाखरं, चतुर, भुंगेरे यांचे अगदी जवळून फोटो काढायचं तिला वेड आहे. आता म्हणते, पदवीत वर्षं घालवायची नाहीत, फोटोग्राफीचा डिप्लोमा करून यातच करिअर करायचं. वर महागड्या कॅमेऱ्याचा हट्ट आहेच. तिचे काही फोटो सोबत पाठवतो. होकार द्यावा का?
– एक पालक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

फोटो सावकाश पाहिले. भुंगेऱ्याचा फार आवडला. भुंगेऱ्याची पाठ इतकी चकचकीत असते की नवख्यांच्या फोटोत तिच्यावर फ्लॅशचा पांढराफटक डाग हमखास पडतो. इथे तो नाही, पाठीवरचे बारीक खड्डेसुद्धा मोजता येतात. म्हणजे पोरीनं फ्लॅशपुढे डिफ्यूजर लावून उजेड मऊ करून घेतलाय. हे तिचं तिनंच शोधून काढलं असेल, तर हे नुसतं खूळ आहे असं म्हणू नका.

आता दुसरा फोटो. खाली ‘चतुर’ लिहिलंय, पण ती टाचणी आहे, म्हणजे चतुरासारखाच दिसणारा, पण सडपातळ किडा. बसल्यावर पंख पाठीवर मिटलेले आणि दोन्ही डोळे एकमेकांपासून चांगले लांब. चतुर पंख आडवे पसरून बसतो आणि बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. फोटो देखणा आहे, पण या चुकीच्या नावानिशी तो कुठल्याही अभ्यासकाकडे गेला तर तिथेच बाजूला पडेल. म्हणून माझं मत सरळ सांगतो: पदवी सोडू देऊ नका. प्राणिशास्त्र घेऊ द्या, पुढे जमलं तर कीटकशास्त्र. फोटोग्राफीचे छोटे कोर्स सुट्टीत होतात.

कारण पैशाचं आहे. नुसते कीटकांचे फोटो विकून घर चालवणारे जगात मोजकेच. सुंदर फुलपाखराचे फोटो इंटरनेटवर ढिगानं पडलेत, त्यात आणखी एकाला कोण किती देणार? या क्षेत्रातली नावाजलेली माणसं बघा. मार्क मॉफेट यांनी हार्वर्डमध्ये ई. ओ. विल्सन या नामवंत मुंगीतज्ज्ञांकडे मुंग्यांवर पीएचडी केली, आणि त्यांचे फोटो नॅशनल जिओग्राफिकनं छापले. अ‍ॅलेक्स वाइल्ड हेही मुंग्यांचेच अभ्यासक, टेक्सास विद्यापीठातला कीटकसंग्रह सांभाळतात. उलटं उदाहरणही आहे. लेव्हॉन बिस मुळात व्यावसायिक फोटोग्राफर. ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांचे त्यांनी केलेले फोटो २०१६मध्ये गाजले, आणि त्यातला एकेक फोटो आठ-दहा हजार शॉट जोडून तयार झाला होता. पण ते कीटक टाचणीला टोचलेले होते, स्टुडिओत. तुमच्या मुलीला रानातला, जिवंत, उडून जाणारा किडा हवाय.

अशा माणसाला काम कुठे मिळतं? संग्रहालयांचे जुने संग्रह डिजिटल करण्यात, शेतीतल्या किडी ओळखण्याच्या पुस्तिकांत, जैवविविधतेच्या सर्वेक्षणांत. चतुरांची पिल्लं पाण्यात वाढतात, त्यामुळे तळ्या-ओढ्यांची तब्येत तपासणारे चतुरांच्या नोंदी ठेवतात. वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्याच जाती चार लाखांच्या घरात आहेत, त्यांतल्या कितींचे जिवंतपणीचे चांगले फोटो असतील? याखेरीज कार्यशाळा घेणं, लिहिणं, शिकवणं. दोन-तीन कामं एकत्र करूनच महिन्याचा हिशेब जुळतो, आणि पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. हे तिला आत्ताच सांगा.

यापुढचं तिलाच वाचायला द्या.

अगं, तुझ्या चतुराचा (हा खरा चतुर) डोळा लख्ख आहे, पण शेपटीचं टोक धूसर गेलंय. अंतरामुळे नव्हे, कोनामुळे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किडा त्याच्या खऱ्या आकाराएवढा आला की लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं बारीक करूनसुद्धा जेमतेम मिलिमीटरभर खोली फोकसमध्ये राहते. तो तुझ्याकडे तिरका बसला होता, तू थोडी सरकून त्याला समांतर व्हायला हवी होतीस. आणि ते शेपटीचं टोक महत्त्वाचं! तिथल्या आकडीसारख्या अवयवांवरूनच कितीतरी जातींचे नर ओळखले जातात. फुलपाखराचंही तसंच, पंखांची वरची बाजू सगळे टिपतात, ओळख पटायला खालची बाजू लागते. बसलेला चतुर उडाला तर मागे धावू नकोस, बरेचदा तो त्याच काडीवर परत येतो. पहाटे गारव्यात तर बहुतेक किडे हलतच नाहीत.

ते हलू नयेत म्हणून फ्रीजमध्ये ठेवणारे, डिंकानं चिकटवणारे महाभाग आहेत. त्या वाटेला जाऊ नकोस. मोठ्या स्पर्धांत निवड झाली की मूळ रॉ फाइल मागतात, आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं तर एका विजेत्याच्या फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं ठरवून २०१८मध्ये बक्षीस परत घेतलं. या व्यवसायात गेलेली पत सहसा परत येत नाही.

आजपासून प्रत्येक फोटोला तारीख, जागा, आणि किडा कुठल्या झाडावर काय करत होता, एवढं लिहीत जा. फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाक, तिथे जाणकार ओळख दुरुस्त करतात. पदवी संपेपर्यंत एकाच तळ्याच्या किंवा माळाच्या अशा नोंदी तुझ्याकडे असतील, तर मुलाखतीला गेल्यावर दाखवण्यासारखं काही असेल. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून कॅमेऱ्याकडे वळत असशील तर मात्र थांब, कारण या कामात वाचन फार आहे.

पुन्हा तुम्हाला, कॅमेऱ्याबद्दल. नवी महागडी बॉडी आत्ता नको. आहे त्या कॅमेऱ्याला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) किंवा लेन्सपुढे बसणारी क्लोज-अप लेन्स लावून वर्षभर सहज निघेल. मग खरी गरज दिसली तर शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, बघा. त्याहून आखूड लेन्सनं इतकं जवळ जावं लागतं की फुलपाखरू आधीच उडून जातं. वापरलेली लेन्स चालेल, पण घेण्याआधी भाड्यानं आणून काही दिवस तिच्या हातात द्या.