तरोट्याच्या बियांनी गजकर्ण खरंच जातं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मांडीवर गजकर्ण आहे, सासूबाई तरोट्याचं बी ताकात वाटून लावायला सांगतात आणि मालक म्हणतात हे जंगली उपाय सोडा, मेडिकलमधून ट्यूब आणतो. कोणाचं ऐकू, असा तुमचा प्रश्न.

ट्यूब आणणाऱ्याचं ऐकू नका. हे आधी सांगतो, बाकी सगळं नंतर.

मी शिरपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. मृगाचा पाऊस पडला की गावठाणात, उकिरड्यावर, बांधावर, सडकेच्या दोन्ही अंगाला तरोटा माजतो. कोकणातले लोक याला टाकळा म्हणतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो वाढतच जातो. फुलं यायच्या आधी कोवळा शेंडा खुडायचा, कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि मुठभर तूरडाळ घालून परतायचा, वर कळण्याची भाकरी. पावसाळ्यात आमच्याकडे ही भाजी झाली नाही असं वर्ष जात नाही. बहात्तरच्या दुष्काळात मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीबरोबर जो पाला मिळेल तो खाल्ला, त्यात हाही होता, असं माय सांगते. कदाचित म्हणूनच जरा पैसा आला की लोकांना ही भाजी खायची लाज वाटायला लागली. आता पुण्यात रानभाजी महोत्सवात तीच जुडी दाम मोजून घेतात, ते वेगळं.

औषध म्हणून आमच्याकडे बी वापरतात. आश्विन-कार्तिकात शेंगा वाळतात, बोटभर लांब, बारीक, थोड्या वाकलेल्या. आतलं बी तपकिरी-हिरवं, चकचकीत, तिरपं कापल्यासारखं. ते इतकं टणक असतं की पाट्यावर कोरडं घेतलं तर वरवंट्याखालून उडतं. माय ते रात्री आंबट ताकात भिजत घालायची. सकाळी वाटायला घेतलं की आधी करकर वाजतं, मग हळूहळू चिकट होतं आणि वरवंटा उचलला की तार धरतं. वास उग्र. हा लेप ती गजकर्णाच्या मध्यभागी लावायचीच नाही, गोलाच्या लाल कडेवर लावायची, कारण तो पसरतो कडेनं. मध्ये कातडी बरी दिसत असते, तिथं लावून उपयोग काय? लेप वाळला की लगेच कोमट पाण्यानं धुवायचा, रात्रभर ठेवायचा नाही. चरचरलं तर त्याच क्षणी धुवायचा. हे नियम तिनं कोणत्या पुस्तकातून घेतले नव्हते.

आयुर्वेदात याच झाडाला चक्रमर्द म्हणतात आणि बीचा उपयोग हाच सांगितलाय. त्यात क्रायसोफॅनिक आम्ल असतं, बुरशीला मारक. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर लोक गजकर्णावर 'गोवा पावडर' लावत. ती ब्राझीलच्या एका झाडातून यायची, पोर्तुगीजांमुळे गोव्यात आली म्हणून ते नाव. तिच्यातलं औषधही याच जातीचं. ती पावडर कातडी भाजायची, हेही त्याच डॉक्टरांना माहीत होतं. म्हणजे ज्या गुणानं बुरशी मरते, त्याच गुणानं कातडीही सोलवटते. तरोट्याचा लेप जपून लावायचा तो यासाठी.

आता माझ्या मोठ्या भावाचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच आठवलं.

दादा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. बारा-बारा तास उभं राहायचं, उकाडा, घाम, अंगात टेरिकॉटची पँट. जांघेत गजकर्ण झालं. तिथल्या मेडिकलवाल्यानं न विचारता ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब. दादा खूश. ट्यूब थांबवली की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा मोठं. मग पुन्हा ट्यूब. असं करत करत दिवाळीला घरी आला तेव्हा कमरेपासून मांडीपर्यंत गोलात गोल झाले होते आणि जांघेतली कातडी कागदासारखी पातळ पडून आतल्या शिरा दिसत होत्या.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि जोडीला कडक स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड खाज आणि सूज दाबतं, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. आत बुरशी मात्र मोकाट वाढते, कारण तिच्याशी लढणारी कातडीची ताकदच त्यानं दाबून टाकलेली असते. २०१८ साली सरकारनं असली १४ स्टेरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी आपल्या तालुक्याच्या गावी जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून बघा, कोण चिठ्ठी मागतं ते.

मायनं दादाची जांघ पाहिली आणि सरळ सांगितलं, "हाई मना हातनं काम नही, डॉक्टरले दखाड." ती ताज्या, रुपयाएवढ्या नायट्याला लेप द्यायची, तोही हातापायावर. जांघेत, काखेत, तोंडावर, फाटलेल्या किंवा पातळ कातडीवर ती कधीच द्यायची नाही. दादानं ऐकलं नाही. डब्यातलं बी स्वतःच काढून वाटलं, सगळ्या जागेवर थापलं आणि झोपून गेला. सकाळी फोड आले होते. धुळ्याच्या कातडीच्या डॉक्टरांनी ट्यूब बंद करायला लावली, गोळ्या आणि साधं मलम दिलं. गोळ्या दोन-तीन महिने चालल्या. घरातल्या सगळ्यांना तपासलं, वहिनीलाही निघालं. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, टॉवेल वेगळे ठेवायचे, हेही सांगितलं. त्यानं तो बरा झाला.

पण आज कोणत्याही लग्नात चार लोक जमले की दादा सांगतो, "मायच्या पाल्यानं माझी कातडी जाळली." माय समोर बसलेली असते. ट्यूबचं नावही निघत नाही. तीन रुपयांचं बी दोषी आणि कातडी पातळ करून टाकणारी ट्यूब निर्दोष, कारण ती खोक्यातून आली. मला याचा राग येतो. जिला आपल्या औषधाची हद्द माहीत होती, जिनं स्वतःहून डॉक्टरकडे पाठवलं, तिच्यावर खापर. तुमच्या सासूबाई पण लेप कुठं लावायचा, किती वेळ ठेवायचा हे सांगत असतील तर त्यांना जंगली म्हणण्याआधी मालकांनी जरा बसून ऐकावं.

आता तुमच्या मांडीचं. एकच लहान गोल असेल, नवा असेल, वर कसलीही ट्यूब लावलेली नसेल तर थोड्या जागेवर करून बघा. आठ दिवसांत कड मागं हटली नाही तर लेपाचा नाद सोडा. गोल अनेक असतील, जांघेकडे सरकत असतील, घरात आणखी कोणाला असेल, तर थेट कातडीच्या डॉक्टरांकडे जा. आजकाल बऱ्याच जणांची बुरशी टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या गोळीलाही दाद देत नाही, तिथं ताक-बी काय करणार. ट्यूब आधीच वापरली असेल तर हे डॉक्टरांना लपवू नका, आणि शक्य असेल तर ते खोकं सोबत न्या. मधुमेह असेल, दिवस गेले असतील किंवा लहान लेकराचं अंग असेल, तर लेप नकोच.

आणि झाड नीट ओळखा. तरोट्याच्या पानाला पानोळ्यांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकं गोलसर, संध्याकाळी मिटतात. शेजारीच कासविंदा उगवतो, फुलं तशीच पिवळी. त्याच्या जोड्या चार-पाच, टोकं अणकुचीदार, शेंग चपटी आणि बरीचशी सरळ. पश्चिम उत्तर प्रदेशात, सहारनपूरकडे, त्याच्या शेंगा खाऊन लहान मुलं दगावायची आणि कितीतरी वर्षं त्याला मेंदूज्वर समजत होते. पोरं बांधावर खेळत असतील तर कासविंद्याचं झाड उपटून टाका.

तरोट्याची भाजी रोज खाल्ली तर चालते का, हेही तुम्ही विचारलंय. पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा कोवळी भाजी खा. जून झालेला पाला खाल्ला तर पोट ढिलं होतं.