बॉम्बरच्या क्रूचा शोध घेताना पहिले पाऊल

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बरच्या क्रूचा, म्हणजे विमानातील पथकाचा, शोध तुम्ही अमेरिकेच्या आठव्या हवाईदलातील एका बी-17 बॉम्बरच्या क्रूपासून सुरू करत आहात, ही निवड चांगली आहे. विमानाच्या टोपणनावावर मात्र विसंबू नका, कारण एकच नाव अनेक विमानांना दिलेले असे; प्रत्येक विमानाचा स्वतंत्र असलेला सिरियल नंबर शोधा. शेपटीवर त्याचा पहिला अंक गाळलेला असतो, म्हणून 42ने सुरू होणारा क्रमांक छायाचित्रात 2ने सुरू झालेला दिसेल. विमान परतले नसेल, तर 1943पासून भरल्या जाणाऱ्या बेपत्ता क्रूच्या अहवालात दहाही जणांची नावे आणि बहुधा साक्षीदारांची निवेदनेही मिळतात.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे गनरने (बॉम्बरवरील मशीनगन चालवणाऱ्याने) पाडल्याचा दावा केलेले प्रत्येक विमान खरोखर पडले, असे मानणे. 17 ऑगस्ट 1943 रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग आणि श्वाइनफुर्ट या शहरांवरील हल्ल्यात 60 बॉम्बर गमावले गेले, आणि गनरांनी 288 जर्मन लढाऊ विमाने पाडल्याचा दावा केला. जर्मन नोंदींत मात्र जेमतेम 25 ते 27च सापडतात. ही माणसे खोटे बोलत नव्हती. एकाच विमानावर अनेक बॉम्बरांतून एकाच वेळी गोळीबार होई, आणि धूर सोडत खाली झेपावणारे विमान पडलेच, असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटे. म्हणून ‘दावा’ आणि ‘हानी’ हे वेगळे रकाने ठेवा, आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळेपर्यंत कोणाच्याही नावावर विमान लिहू नका.

जर्मन तुकड्यांची कागदपत्रे सध्या बाजूला ठेवा. आधी एका क्रूची एकच मोहीम पूर्ण करा.