५० आणि ३० यांची बेरीज ५०३० का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी. कॉम. झाल्यावर तुम्ही दीड महिन्यापासून घरीच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहात. दोन आकडे विचारून त्यांची बेरीज दाखवणारा प्रोग्राम तुम्ही लिहिला, त्याला ५० आणि ३० दिले आणि त्याने ८० ऐवजी ५०३० दाखवले. स्ट्रिंग (चिन्हांची माळ, म्हणजे मजकूर) आणि व्हेरिएबल (किंमतीला दिलेले नाव) यांमध्ये नवशिक्यांच्या नेहमी कोणत्या चुका होतात आणि हे आपल्याला जमणार का, असे तुम्ही विचारले आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत मी अनेक वर्षे संध्याकाळी प्रोग्रामिंगचे वर्ग घेते आणि ५०३० हे उत्तर ज्या बॅचमध्ये आले नाही अशी बॅच मला आठवत नाही. तुम्हाला हे नक्की जमेल. तुम्ही अडला आहात ती जागा मात्र खरोखर महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतच आणि आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत.

तुमच्या प्रोग्राममधली ओळ बहुधा अशी असेल:

पहिला = इनपुट("पहिला आकडा: ")

पायथॉन ३ मध्ये इनपुट ही आज्ञा कीबोर्डवरून जे येईल ते नेहमी स्ट्रिंग म्हणूनच परत देते. तुम्ही ५० लिहिले तरी तिच्या दृष्टीने ते "पाच" हे चिन्ह आणि त्यापुढे "शून्य" हे चिन्ह एवढेच असते, पन्नास ही संख्या नसते. अधिकचे चिन्ह संख्यांमध्ये आले तर बेरीज करते आणि स्ट्रिंगमध्ये आले तर एकीला दुसरी जोडते, त्यामुळे "५०" आणि "३०" जोडून "५०३०" होणे हे पायथॉनच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. जुन्या पायथॉन २ मध्ये इनपुट ही आज्ञा लिहिलेल्या मजकुराची किंमत काढून संख्या देत असे. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले तेव्हा हे बदलले, पण जुनी पुस्तके आणि झेरॉक्स नोट्स अजून हातोहात फिरतात. तुमच्याकडचे पुस्तक तसे असेल, तर त्यातले उदाहरण जसेच्या तसे उतरवूनही तुमचे उत्तर चुकेल.

उपाय एका शब्दाचा आहे: इंट(इनपुट("पहिला आकडा: ")). इंट (int) ही आज्ञा मजकुराची पूर्णांक संख्या करते. परंतु हा शब्द नेमका कुठे लिहायचा हे समजले नाही, तर चूक नाहीशी होत नाही, ती फक्त दडून बसते. कागल तालुक्यातून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने घरच्या दुधाचे बिल काढणारा प्रोग्राम लिहिला होता. सकाळचे लिटर आणि संध्याकाळचे लिटर विचारायचे, त्यांची बेरीज करायची आणि तिला दराने गुणायचे, इतके साधे काम होते. गुणाकाराच्या ओळीवर एरर, म्हणजे चूक झाल्याची सूचना, आला, म्हणून तिने त्याच ओळीत इंट घातले आणि एरर गेला. सकाळचे ५ लिटर, संध्याकाळचे ४ लिटर आणि दर ५० रुपये दिल्यावर प्रोग्रामने २७०० रुपये दाखवले. लाल अक्षरे नाहीत, तक्रार नाही, त्यामुळे तिला ते बरोबर वाटले आणि तिने घरी वडिलांना दाखवले. ते म्हणाले, "अगं, दोन म्हशींचं चोपन्न लिटर दूध कुठनं आलं?" दोन्ही आकडे आधी स्ट्रिंग म्हणून जोडले जाऊन "५४" झाले होते, आणि इंटने त्या चोपन्नाचीच संख्या केली होती. खरे बिल ४५० रुपयांचे होते.

तेव्हापासून मी वर्गात आग्रहाने सांगते की रूपांतर दारातच करावे. बाहेरून आलेला आकडा प्रोग्राममध्ये पाऊल ठेवतानाच संख्या झाला पाहिजे, पुढे कुठेतरी एरर आला म्हणून तिथे नव्हे. ज्या चुकीवर एरर येतो ती चूक तुमच्या बाजूची आहे, कारण ती ओळ क्रमांकासह सापडते. भीती बाळगायची ती न बोलणाऱ्या चुकीची. स्ट्रिंगला ३ ने गुणले तर पायथॉन "५" चे "५५५" करून मोकळा होतो. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशातल्या क्रमाने होते, म्हणून "९" हे "१०" पेक्षा मोठे ठरते आणि १००, २०, ९ ही यादी स्ट्रिंग म्हणून चढत्या क्रमाने लावली तर ती तशीच राहते. या दोन्ही ठिकाणी एरर येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: इंटला "६.५" ही स्ट्रिंग दिली तर मात्र एरर येतो, कारण तो पूर्णांकाचा मजकूर नाही. लिटर, फॅट, रुपये-पैसे अशा दशांश आकड्यांसाठी इंटऐवजी फ्लोट (float) ही आज्ञा वापरावी लागते.

प्रत्येक आकडा संख्या करून टाकायचा, असाही याचा अर्थ नाही. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ आहे. त्याला इंट लावले की २३१ उरतो आणि सुरुवातीचे शून्य गेल्याचे कोणी कळवत नाही. हाच ०२३१ सी किंवा जावा या भाषांमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर सुरुवातीच्या शून्यामुळे तो अष्टमान पद्धतीचा (० ते ७ हे आठच अंक असलेल्या पद्धतीचा) आकडा समजला जातो आणि त्याची किंमत १५३ होते. आपल्या कोल्हापूरच्या गाड्यांच्या नंबरातला (एमएच ०९) ०९ तर त्या भाषांत स्वीकारलाच जात नाही, कारण अष्टमान पद्धतीत ९ हा अंकच नाही. पायथॉन ३ असे आकडे सरळ नाकारतो, आणि मला तेच योग्य वाटते. पूर्वी एका पतसंस्थेची सभासद यादी जुळवून देताना ही चूक माझ्याकडून झाली आहे. एका यादीत सभासद क्रमांक ००४७ असा होता, दुसरीत मी तो ४७ करून ठेवला होता, आणि दोन दिवस मी न जुळणारी माणसे शोधत बसले होते. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, तो स्ट्रिंगच ठेवावा. फोन, पिनकोड, खाते क्रमांक, गाडीचा नंबर हे दिसायला आकडे असले तरी वापराने नावेच आहेत.

आता व्हेरिएबलकडे वळते. तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, म्हणजे एक्सेलची सवय असणार, आणि नेमकी तीच सवय इथे आडवी येते. या तीन ओळी पाहा:

दर = ५०
रक्कम = ९ * दर
दर = ५२

यानंतर रक्कम छापली तर ४५० येते, ४६८ येत नाही. एक्सेलमध्ये दराचा चौकोन बदलला की रकमेचा चौकोन आपोआप बदलतो, कारण तिथे सूत्र साठवलेले असते. प्रोग्रामच्या दुसऱ्या ओळीत सूत्र साठवले जात नाही. त्या क्षणी उजवीकडची किंमत काढली जाते, ४५० हे उत्तर रक्कम या नावाला दिले जाते आणि ते कुठून आले याची आठवण कुठेही राहत नाही. खतावणीत नोंद केल्यानंतर बाजारभाव बदलला तर जुनी नोंद बदलत नाही, तसेच हे आहे. नवी रक्कम हवी असेल तर गुणाकाराची ओळ पुन्हा चालली पाहिजे.

याच कारणाने "रक्कम = रक्कम + १०" ही ओळ बीजगणितात अशक्य असली तरी प्रोग्राममध्ये रोजची आहे. बरोबरचे एक चिन्ह इथे समानता सांगत नाही, तर "उजवीकडचे काढ आणि डावीकडच्या नावाला दे" असे सांगते. समान आहे का, हे विचारायचे असेल तर दोन चिन्हे लागतात. मी विद्यार्थ्यांना अशी ओळ उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचायला लावते, आणि गोंधळ बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ओसरतो. व्हेरिएबल म्हणजे डबा, ही उपमा पुष्कळ ठिकाणी दिली जाते. सी भाषेसाठी ती ठीक आहे, पण पायथॉनसाठी मला चिठ्ठी जास्त पटते: किंमत एका जागी असते आणि नाव ही तिला चिकटवलेली चिठ्ठी असते, जी काढून दुसरीकडे लावता येते. पुढे लिस्ट (अनेक किंमतींची यादी) शिकाल तेव्हा एकाच लिस्टला दोन नावे लावून एकीकडून केलेला बदल दुसरीकडे दिसेल. डब्याच्या उपमेने तो समजत नाही, चिठ्ठीच्या उपमेने लगेच समजतो.

स्ट्रिंगची गोष्ट यातच बसते. पायथॉनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. नावाच्या कडेच्या रिकाम्या जागा काढण्यासाठी नुसते "नाव.स्ट्रिप()" लिहिले तर साफ केलेली नवी स्ट्रिंग तयार होते, ती कोणी धरून ठेवत नाही, आणि नाव ही चिठ्ठी जुन्याच स्ट्रिंगवर राहते. "नाव = नाव.स्ट्रिप()" असे लिहिले पाहिजे.

काही चुका फक्त ऐकून ठेवल्या तरी पुरे. मजकुराला अवतरणचिन्हे लावली नाहीत तर पायथॉन त्याला व्हेरिएबलचे नाव समजून ते सापडत नसल्याचे सांगतो. व्हॉट्सॲपवर किंवा वर्डमधून आलेला कोड चिकटवला तर त्यातली अवतरणचिन्हे अनेकदा वळणदार असतात, आणि पायथॉनला फक्त सरळ चिन्हे चालतात. एसटीआर, इंट किंवा लिस्ट ही नावे स्वतःच्या व्हेरिएबलला देऊ नका, कारण मग त्याच नावाची मूळ आज्ञा तुमच्या प्रोग्रामपुरती झाकली जाते. आणि "उत्तर हो किंवा होय असेल तर" ही अट लिहिताना "उत्तर ==" हा भाग दोन्ही पर्यायांपुढे लिहा. एकदाच लिहिलात तर दुसरी बाजू नुसती "होय" ही स्ट्रिंग उरते, रिकामी नसलेली स्ट्रिंग खरी मानली जाते, आणि समोरचा "नाही" म्हणाला तरी अट पूर्ण होते.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण परभाषेतल्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. "कोल्हापूर" या शब्दाची लांबी पायथॉनला विचारली तर उत्तर ९ येते, जरी आपण को, ल्हा, पू, र अशी चारच अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, मात्रा, उकार आणि हलन्ताचे चिन्ह यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि पायथॉन ते क्रमांक मोजतो. म्हणून हा शब्द उलटा केला तर "रूपाह्लोक" असे काहीतरी बाहेर पडते. याहून त्रासदायक प्रकार "ऱ्या" चा आहे. "शेतकऱ्याचे" हा शब्द एक जण ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहितो, दुसरा जण साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तरी दोन स्ट्रिंग समान आहेत का असे विचारल्यावर उत्तर नाही येते. एका विद्यार्थ्याच्या यादीत एकच आडनाव दोनदा येत होते आणि तो संध्याकाळभर स्वतःच्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींमध्ये) चूक शोधत होता. लूप बरोबर होता. मी त्याला प्रिंटच्या कंसात रेप्र (repr, किंमत अवतरणचिन्हे आणि न दिसणाऱ्या चिन्हांसह दाखवणारी आज्ञा) घालून दोन्ही आडनावे छापायला सांगितली, तेव्हा एका आडनावाच्या मध्येच तिरप्या रेघेने सुरू होणारा एक क्रमांक उमटला. ते जोडचिन्ह होते.

तुमच्या प्रोग्रामसाठीही मी हेच सुचवते. काही बदलण्याआधी बेरजेच्या ओळीच्या अगदी वर "प्रिंट(रेप्र(पहिला), रेप्र(दुसरा))" ही एक ओळ घाला आणि ५० व ३० द्या. आकड्यांभोवती अवतरणचिन्हे दिसतील, म्हणजे त्या स्ट्रिंग आहेत. मग इनपुटच्या दोन्ही ओळींत इंट घाला आणि पुन्हा चालवा. अवतरणचिन्हे गेलेली दिसतील आणि बेरीज ८० येईल. त्यानंतर ६.५ देऊन पाहा आणि जो एरर येईल तो शेवटच्या ओळीपासून वाचा. तिथे अडलात तर ती ओळ जशीच्या तशी इथे लिहा, मी उत्तर देईन.