सात दिवसांचा बॅन आणि एका शब्दाचं कारण

भावा, तुझी पोस्ट वाचून माझंच दुखणं कुणीतरी मांडलंय असं वाटलं. ऑनलाइन गेमच्या रँक मॅचमध्ये समोरच्या फाइव्ह-स्टॅकबरोबर, म्हणजे ठरवून एकत्र आलेल्या पाच जणांच्या टीमबरोबर वाजलं, दुसऱ्या दिवशी लॉगिन केलंस तर सात दिवसांचा बॅन, आणि कारण काय तर ‘गैरवर्तन’. त्याच आठवड्यात तुझ्या मित्रानं एका मुलीला माईकवर नको ते ऐकवलं, त्याला मात्र फक्त तीन दिवस चॅट बंद. हा कुठला न्याय, असं विचारलंयस.

‘थोडं बोललो’ असं लिहिलंयस. आपल्याकडं ‘थोडं’ म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे, त्यामुळं तू धुतल्या तांदळाचा आहेस असं काही मी धरून चालत नाही. राग मानू नको. अपील कुठं करायचं, स्क्रीनशॉट कसा काढायचा ते सांगत बसत नाही, तुला येत असणारच.

माझं खातं सीझनच्या ऐन मध्यावर गेलं होतं. गेमचं नाव घेत नाही, कारण मुद्दा गेमचा नाही, त्यांच्या सपोर्टवाल्यांचा आहे. मी तिकीट, म्हणजे त्यांच्याकडं ऑनलाइन तक्रार टाकली, नेमकं कुठलं वाक्य खटकलं एवढंच विचारलं. चहा गाळून खुर्चीत बसेपर्यंत उत्तर हजर: आपल्या प्रकरणाचा काळजीपूर्वक पुनर्विचार करण्यात आला असून निर्णय कायम आहे. एवढ्यात कुणी मॅचचा रिप्लेसुद्धा उघडू शकत नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, खालचं नाव तेवढं बदललेलं. तिसऱ्यांदा मॅचची वेळ, मिनिटं, सगळं तपशीलवार दिलं. तर तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद, आणि वर विचारणा, आमच्या सेवेला किती तारे द्याल? डोक्यात तिडीक गेली. ते वाक्य कुठलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

माझा अंदाज सांगतो. आपण रोमन लिपीत मराठी टाइप करतो. शूटिंग गेममध्ये ‘मारून टाक त्याला, सोडू नको’ हे टीममेटला सांगणं म्हणजे रोजचीच बोली. समोरच्या पाच जणांनी ठरवून रिपोर्ट मारले, आणि मराठी न कळणाऱ्या मशीननं किंवा माणसानं ती धमकी समजली, तर खेळ खलास. आमच्या कोल्हापुरात, पेठेत जिवलग मित्राला हाक मारताना जे शब्द वापरतात ते फिल्टरच्या कुठल्या यादीत बसतील, देव जाणे. उलट ती मुलगी ज्यामुळं माईक बंद करून बसली, ते वाक्य अगदी ‘सभ्य’ शब्दांत असेल आणि चाळणीतून आरामात सुटलं असेल. तुझ्या मित्राच्या तीन दिवसांचं कोडं मला तरी असंच सुटतं.

माझं मत असं, पटलं तर घे: शिक्षा किती दिवसांची, याच्याआधी ती कशाबद्दल हे कळलं पाहिजे. शाहू स्टेडियमवर फुटबॉल मॅचमध्ये रेफ्री लाल कार्ड दाखवतो तेव्हा खेळाडू हुज्जत घालतो, पेठेतली पोरं बोंब मारतात, पण कार्ड कुठल्या टॅकलवर मिळालं याबद्दल मैदानात कुणालाच शंका नसते. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा गेम काढणाऱ्या रायट कंपनीनं हे करून बघितलं होतं. त्यांनीच सांगितलेले आकडे आहेत: नुसता बॅन दिला की निम्मे खेळाडू सुधारायचे, कारण लिहून दिल्यावर 65 टक्के, आणि चॅटमधला पुरावा जोडल्यावर 70. त्यांनी 2011 मध्ये ट्रायब्युनलही काढलं होतं, म्हणजे खेळाडूंनीच केस वाचून शिक्षा की माफी ते ठरवायचं. 2014 मध्ये ते गुंडाळलं. कल्पना मला आवडायची, पण निकाल यायला इतका वेळ लागायचा की मिळेपर्यंत माणूस गुन्हाच विसरलेला असायचा. शिक्षा गुन्हा ताजा असताना मिळाली तरच लागू पडते.

दुसरं म्हणजे, जिथं घाण केली तिथलीच सोय काढून घ्यावी. तोंड खराब असेल तर चॅट आणि माईक बंद करा, खेळू दे त्याला गप्प बसून. मुद्दाम हरवणारा किंवा मॅच सोडून जाणारा असेल तर डोटा 2 या गेमसारखी लो प्रायॉरिटी, म्हणजे वेगळी रांग द्या: तिथं तशाच लोकांच्यात सिंगल ड्राफ्ट (मोजक्याच हिरोंतून एक निवडायचा प्रकार) खेळत ठरलेल्या मॅच जिंकल्याशिवाय सुटका नाही. पूर्ण बॅन शेवटचा, आणि त्याआधी भाषा कळणाऱ्या माणसानं ते प्रकरण बघितलेलं असावं. जात, धर्म, बाई यांवरून बोलणाऱ्याला किंवा घर शोधून काढीन म्हणणाऱ्याला मात्र पायऱ्याबियऱ्या नकोत, थेट घालवा. इथं मी कडक आहे. माझी बहीण मुलाच्या नावाचा आयडी घेऊन खेळते, का ते सांगायला नको.

मॅच सोडण्याबद्दल इथं बरेच जण माझ्यावर चिडतील. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते, 2019 आणि 2021 च्या महापुरात तर विचारूच नका. मॅच चालू असताना राउटर झोपला की लीव्हर पेनल्टी, म्हणजे मॅच अर्धवट सोडल्याची शिक्षा लागते. ती मला मान्य आहे! महावितरणनं घात केला, हे चार टीममेटना काय माहीत? त्यांची रँक गेलीच ना. तिथं हेतू बघायची गरज नाही, फक्त पेनल्टी छोटी ठेवा आणि वारंवार झालं तरच वाढवा. शिवीगाळीला मात्र हेतू आणि संदर्भ बघावाच लागतो. गंमत म्हणजे हे दोन्ही गुन्हे एकाच ‘गैरवर्तना’त कोंबतात.

आता तुझ्या कामाचं. मी वकील नाही, खातं परत मिळेलच असं नाही. पण सपोर्टच्या तिकिटात अडकून राहू नको. 2021 च्या आयटी नियमांखाली अशा मध्यस्थ कंपन्यांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो, आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. तो पत्ता बहुतेक वेळा साइटच्या तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. तिथं मोजकं लिही: मॅच आयडी, वेळ, ‘कुठल्या वाक्याबद्दल कारवाई झाली ते कळवा’. ‘मी काहीच बोललो नाही’ हे लिहू नको, चॅटची नोंद त्यांच्याकडं असते. त्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर समाधान नसेल तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं.

जाता जाता: ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची काही मिनिटं आपोआप साठवायची सोय असते, ती चालू ठेव. व्हॉइस चॅटचा पुरावा आपल्याकडं दुसरा कुठला नसतो. फक्त त्यात आपला माईकही रेकॉर्ड होतोय का ते सेटिंगमध्ये बघ, नाहीतर समोरच्यांचंच ऐकू येईल आणि तू काय बोललास हा वाद तसाच राहील.

बॅनचा मेल इथं टाक, आयडी झाकून. आणि तुझ्या मित्राला तीनच दिवस मिळाले म्हणून तुझे सात कमी व्हावेत, हे मला पटत नाही. वाढवायचे असतील तर त्याचे वाढवा.