जावयाचे दिवस पहिल्या दिवसापासून मोज

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा कोर्टातून घरी आले तर तू ओट्यावर बसलेली, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. बाबा चार दिवस बोलले नाहीत म्हणालीस आणि डोळे पुसायला लागलीस. त्या वेळी कायद्यातलं काही सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे ठेवली. आज सगळं लिहून देते. दोनदा वाच आणि ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेस त्यालाही समजावून सांग.

आधी बाबांचं. फिलिपिन्सच्या मुलाशी लग्न केलं की आपली पोरगी त्या देशाची होणार, अशी त्यांची भीती आहे. तसं काही होत नाही. परदेशी माणसाशी लग्न केल्यामुळे तुझं भारतीय नागरिकत्व जात नाही. तू स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंस तरच ते जातं. आणि ‘आपल्या गावात असं कुणी केलंय का’ म्हणाले, तर त्यांना भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात घेऊन जा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या तिथल्या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तूही नर्सच आहेस. बाबांना ही गोष्ट तुझ्या तोंडून ऐकू दे.

आता लग्नाचं. सिद्धेश्वराच्या साक्षीनं हार घालायचे असतील तर जरूर घाला, पण तेवढ्यावर थांबू नका. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही त्या कायद्याच्या अर्थानं हिंदू असावे लागतात, आणि तो कॅथलिक आहे. तुमच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा सरळ पडेल. त्यात आधी विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एकजण त्या नोटिशीच्या आधी निदान ३० दिवस या जिल्ह्यात राहिलेला हवा. तू दुबईहून येऊन दोन महिने झाले, म्हणजे ती अट तू पुरी केली आहेस. नोटीस लागल्यावर पुन्हा ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. इथंच पुष्कळ जोडपी अडकतात. मुलगा ३० दिवसांच्या टुरिस्ट व्हिसावर येतो आणि नोटिशीची मुदत संपायच्या आत त्याचा व्हिसा संपतो. म्हणून त्यानं जास्त मुदतीचा व्हिसा घेऊनच विमानात बसावं, आणि अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा दाखला आधीच हातात ठेवावा.

लग्नानंतर टुरिस्ट व्हिसा बदलून भारतीयाच्या जोडीदाराला मिळणारा एंट्री व्हिसा घ्यायचा. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर होतो. लग्न खरं आहे का, याची चौकशी होते. गल्लीत पोलीस येऊन गेले म्हणून घाबरू नको. उलट शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव, म्हणजे ‘जावई असतेत का इथं?’ असं विचारल्यावर त्या गोंधळणार नाहीत. या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, हेही त्याला आत्ताच सांग. घरी बसून राहावं लागलं की माणूस खचतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये भारतीयाच्या नवऱ्याला किंवा बायकोला नोंदणीनं नागरिकत्व मिळायची सोय आहे. अट सात वर्षं राहण्याची. बहुतेक लोक ‘लग्नाला सात वर्षं झाली’ एवढंच धरतात. कायदा मोजतो ते राहणं. अर्जाच्या लगेच आधीचे सलग १२ महिने इथं, आणि त्या १२ महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून निदान सहा वर्षं इथं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, माझ्या चुकीतून सांगते. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका परदेशी सुनेचा अर्ज मी भरला होता. लग्नाच्या दाखल्यावरची तारीख धरून सात वर्षं मोजली आणि कागद लावून दिले. शेवटच्या वर्षी आईच्या आजारपणात ती दहा आठवडे माहेरी होती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्ज परत आला. माहेराहून परतलेल्या दिवसापासून पुन्हा पूर्ण बारा महिने मोजणं भाग पडलं. माझ्या टेबलासमोर पासपोर्टची पानं उलटत, एकेका शिक्क्यावर बोट ठेवून ती तारखा वाचत होती. ते बोट मी विसरलेले नाही. आता २०१५ च्या दुरुस्तीमुळे विशेष कारण असेल तर शेवटच्या वर्षातले जास्तीत जास्त ३० दिवस केंद्र सरकार माफ करू शकतं. पण दहा आठवडे तेव्हाही बसले नसते आणि आजही बसत नाहीत.

म्हणून तो लग्नानंतर राहायला आला, त्या दिवशी एक दोनशे पानी वही घे. देशाबाहेर गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, कारण. तिकिटाची प्रत त्याच पानाला टाच. आणि व्हिसा एक दिवसही संपू देऊ नको. मुदत संपल्यावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित ठरतो आणि त्याला ही नोंदणी मिळत नाही. त्याहून मोठी गोष्ट तुझ्या पोटी येणाऱ्या बाळाची. इथं जन्मलेल्या मुलाला जन्मानं नागरिकत्व मिळायला एक पालक भारतीय असून भागत नाही, जन्माच्या वेळी दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लाल पेनानं लिही.

मधली पायरी म्हणजे ओसीआय, ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. नाव नागरिकाचं असलं तरी हे नागरिकत्व नव्हे. नोंदलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की त्याला अर्ज करता येतो. आजीवन ये-जा करायचा व्हिसा मिळतो, नूतनीकरणाच्या खेपा संपतात. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मंगळवेढ्याच्या रानाशेजारचा तुकडा जावयाच्या नावावर घ्यायचा बाबांचा विचार असेल, तर त्यांना आत्ताच थांबव. लग्न कायद्यानं मोडलं तर हे कार्डही रद्द होऊ शकतं, हे वाईट वाटलं तरी दोघांनी माहीत करून घ्या.

या कार्डाचा एक उपयोग लोकांच्या लक्षातच येत नाही. कार्डाला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधीचे १२ महिने तो इथं राहिला, तरी त्याच कलमाखाली नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. उद्या तुम्हाला दोघांना पुन्हा दुबईला काही वर्षं काढावी लागली, तर तुमच्यासाठी हीच वाट बरी. दोन अधिक पाच, आकडा सातच होतो, पण राहण्याचं ओझं खूप कमी.

अर्ज ऑनलाइन भरायचा. पुढे तो जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. वेळ लागतो. फायनल झालं की निष्ठेची शपथ.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. ओसीआयसाठी घाई कर, नागरिकत्वासाठी करू नकोस. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय व्हायचं तर त्याला त्याच्या आईच्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागेल, आणि आईला भेटायला जातानाही परदेशी माणूस म्हणून जावं लागेल. हा निर्णय त्याचा आहे. तुझ्या प्रेमापोटी त्यानं तो पहिल्याच वर्षी करून टाकू नये. दहा वर्षं सोलापूरच्या उन्हाळ्यात काढून, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पोरांना फिरवून, इथल्या निवडणुकीत आपलंही मत असावं असं त्याला आतून वाटलं, तर कर म्हण. तोपर्यंत वही मात्र भरत राहा.

रविवारी सकाळी दहाला ये. त्याच्या पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती आण, कोरी पानंसुद्धा. आणि बाबांना बरोबर घेऊन ये. मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
वकीलकाकू